हमी राज्यांची, कर्ज कोणाच्या नावावर? : जीएसटी भरपाईच्या २०२० मधल्या पेचाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा महाराष्ट्राने व्हॅट, करमणूक कर, ऐषाराम कर सोडले. मुंबई महापालिकेने जकात सोडली, इतर महापालिकांनी उरलीसुरली एलबीटी (स्थानिक संस्था कर). राज्याच्या हाती राहिलं ते पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, वीज आणि वाहनं. अर्थसंकल्पाला चार दिवस उरले असताना एखाद्या वस्तूवरचा कर अर्ध्या टक्क्याने वाढवून तोंडमिळवणी करायची, ही राज्याच्या अर्थमंत्र्यांची जुनी सोय संपली. दर आता केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेत ठरणार होते.

या परिषदेची रचना राज्यघटनेच्या कलम २७९क मध्ये आहे. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. आकडेमोड करून पाहिली की चित्र उघडं होतं. केंद्राच्या होकाराशिवाय काहीच मंजूर होऊ शकत नाही. उलट केंद्राला अडवायचं तर ३१ पैकी किमान १२ सदस्यांनी (विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून) एकत्र राहावं लागतं.

मग राज्यांनी हा सौदा मान्य का केला? भरपाईच्या भरवशावर. त्याआधीचा एक अनुभव गाठीशी होता. २००७ आणि २००८ मध्ये केंद्रीय विक्रीकर ४ टक्क्यांवरून ३ आणि मग २ टक्क्यांवर आणला गेला. त्याची भरपाई केंद्र देणार होतं, ती पुढे रखडली. दुधाने तोंड पोळलेलं असल्याने राज्यं जीएसटीचं ताकही फुंकून पीत होती. महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू या कारखानदारी राज्यांना आणखी एक धास्ती होती: हा कर माल बनतो तिथे जमा न होता खपतो तिथे जमा होणार. त्यांच्यासाठी २०१४ च्या विधेयकात आंतरराज्य विक्रीवर १ टक्का जादा कराची तरतूद होती, ती २०१६ मध्ये काढून टाकली. त्याच वेळी भरपाईची भाषा पक्की केली. २०१४ च्या मसुद्यात संसदेला भरपाई देता येईल असं होतं. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीत ती द्यावीच लागेल असं झालं.

२०१७ चा भरपाई कायदा त्यातून आला. २०१५-१६ चं उत्पन्न पाया धरायचं, त्यावर दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरायची, प्रत्यक्षात जेवढं कमी पडेल तेवढं पाच वर्षं दर दोन महिन्यांनी राज्याला द्यायचं. पैसे उपकरातून, म्हणजे काही वस्तूंवर जीएसटीच्या वर लावलेल्या जादा करातून, उभे करायचे: सिगारेट, पानमसाला, शीतपेयं, मोटारगाड्या, आणि टनामागे ४०० रुपये कोळशावर. १४ टक्के हा आकडा उदार होता, हे मान्य करायला हवं. तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राज्यांना सोबत घेण्यासाठी ती किंमत मोजली.

महाराष्ट्राने हीच पद्धत खाली उतरवली. महापालिकांच्या भरपाईसाठी राज्याने स्वतःचा कायदा केला आणि त्यांना दरवर्षी ८ टक्के वाढीची हमी दिली. एकट्या मुंबईला पहिला मासिक धनादेश साधारण ६४७ कोटींचा होता. म्हणजे वरून पैसा येवो न येवो, खाली तो दर महिन्याला द्यायचाच होता. पुढचं सगळं वाचताना ही बाजू विसरू नये. राज्य एकाच वेळी घेणेकरीही होतं आणि देणेकरीही.

अडचण

पहिली दोन वर्षं बरी गेली. २०१७-१८ मध्ये ६२,६११ कोटी उपकर जमला आणि राज्यांना ४१,१४६ कोटी दिले गेले. पुढच्या वर्षी ९५,०८१ कोटी जमले, ६९,२७५ कोटी दिले. शिल्लक ४७ हजार कोटींच्या वर. कायद्याप्रमाणे ही रक्कम भरपाई निधीत जमा व्हायला हवी होती. ती भारताच्या संचित निधीतच, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतच, राहिली. कॅगने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) त्यावर बोट ठेवलं. अर्थखात्याचं म्हणणं, हिशेब जुळवून होईपर्यंत रक्कम तात्पुरती तिथे होती. पण कॅगचा तो अहवाल संसदेत आला सप्टेंबर २०२० मध्ये, वाद ऐन रंगात असताना. राज्यांच्या संशयाला त्याने चांगलंच खतपाणी घातलं.

खरं वळण २०१९ चं. अर्थव्यवस्था मंदावली, गाड्यांचा खप पडला, आणि ऑगस्ट २०१९ पासून भरपाईचे हप्ते लांबू लागले. त्या आर्थिक वर्षात उपकर जमला ९५,४४४ कोटी आणि द्यावे लागले १,६५,३०२ कोटी. जुनी शिल्लक वापरूनही भागेना, म्हणून संचित निधीतून आणखी ३३,४१२ कोटी वळते करावे लागले. त्या वर्षाचा शेवटचा हप्ता जुलै २०२० मध्ये मिळाला. हा खड्डा पडला तेव्हा करोनाचा पत्ताही नव्हता, आणि पुढच्या सगळ्या वादात हीच गोष्ट सोयीस्करपणे बाजूला पडली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महाराष्ट्राने सरकारी कर्मचाऱ्यांचा मार्चचा पगार दोन टप्प्यांत दिला. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला, नवी कामं थांबवली, नोकरभरतीला खीळ घातली. दवाखाने, अलगीकरण केंद्रं, धान्यवाटप हा सगळा खर्च मात्र राज्याच्याच अंगावर होता.

२७ ऑगस्ट २०२० ला परिषदेची ४१ वी बैठक झाली. केंद्राने हिशेब मांडला: वर्षभरात ३ लाख कोटी कमी पडतील, उपकरातून ६५ हजार कोटी येतील, तूट २.३५ लाख कोटींची. महासाथ ही देवाची करणी आहे, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या. करणी देवाची असली तरी नारळात पाणी कोणी भरायचं, हा प्रश्न उरलाच.

केंद्राने या तुटीचे दोन भाग केले. जीएसटी लागू झाल्यामुळे पडलेली तूट ९७ हजार कोटी, बाकीची करोनामुळे. भरपाई कायद्यात अशी फाळणी कुठेही नाही. महसूल का घटला हे तो कायदा विचारत नाही, फक्त किती घटला ते विचारतो. केंद्राचे कायदा सल्लागार असलेल्या ॲटर्नी जनरलचं मत असं मांडलं गेलं की भरपाई द्यायची हे खरं, पण संचित निधीतून ती देण्याचं बंधन केंद्रावर नाही. कमी पडणारी रक्कम कशी उभी करायची ते परिषदेने सुचवावं. कायद्याचं अक्षर पाहिलं तर हे चूक म्हणता येत नाही. रक्कम किती ते २०१७ मध्ये शेवटच्या रुपयापर्यंत लिहिलं होतं. उपकर आटला तर पैसे कोणाच्या खिशातून निघतील, तेवढंच लिहायचं राहिलं होतं. कमी पडल्यास केंद्र इतर मार्गांनी पैसा उभा करील आणि उपकर पाच वर्षांपुढे चालू ठेवून तो वसूल करील, अशी चर्चा २०१७ च्या सुरुवातीच्या बैठकांत झाली होती. ती इतिवृत्तात राहिली, कायद्यात आली नाही.

समोरचे पर्याय

राज्यांपुढे दोन लेखी पर्याय ठेवले आणि उत्तराला सात दिवसांची मुदत दिली.

पहिला: फक्त ९७ हजार कोटी विशेष व्यवस्थेतून कर्जाऊ घ्यायचे. मुद्दल आणि व्याज, दोन्ही पुढे उपकरातून फेडलं जाईल. दुसरा: पूर्ण २.३५ लाख कोटी बाजारातून उचलायचे. मुद्दल उपकरातून, व्याज राज्याने भरायचं. दोन्हींत कर्जदार राज्यच.

यात एक बारीक कलम होतं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्यावर फिरलं. मे २०२० मध्ये राज्यांची कर्जमर्यादा स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के केली होती, पण वाढीव २ टक्क्यांपैकी बराचसा भाग अटींवर: एक देश एक रेशनकार्ड, वीज वितरणातल्या सुधारणा, महापालिकांचं उत्पन्न, उद्योगसुलभता. शेवटचा अर्धा टक्का चारपैकी तीन अटी पुऱ्या केल्या तरच मिळणार होता. पहिला पर्याय निवडणाऱ्या राज्याला हा अर्धा टक्का विनाअट देऊ केला. राज्यावर केंद्राचं कर्ज बाकी असेल तर नवं कर्ज काढायला केंद्राची परवानगी लागते, असं कलम २९३(३) सांगतं, आणि त्या कलमाचा असा उपयोग करता येतो. परिषदेत मतांचं वजन कसं का असेना, ही परवानगी परिषदेच्या बाहेर, केंद्राच्या एकट्याच्या हातात आहे.

महाराष्ट्रात त्या वेळी शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसचं आघाडी सरकार होतं, अजित पवार अर्थमंत्री होते. लेखी दोन पर्यायांपलीकडे आणखी काही वाटा होत्या.

केंद्रानेच कर्ज काढून राज्यांना द्यावं, ही मागणी केरळचे अर्थमंत्री थॉमस आयझॅक, पंजाब, पश्चिम बंगाल यांनी लावून धरली होती. तर्क सरळ होता: केंद्राला कर्ज स्वस्त पडतं, आणि २८ राज्यं एकाच वेळी बाजारात उतरली की व्याजदर चढतात. महाराष्ट्राचाही कल याच बाजूला होता.

परिषदेत मतदान मागणं ही दुसरी वाट. परिषदेने तोवर एकदाच मतदान घेतलं होतं, डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरच्या कराच्या दरासाठी! लाखो कोटींच्या प्रश्नावर ते झालं नाही. विरोधी राज्यांच्या दृष्टीने मतदान धोक्याचं होतं, कारण सप्टेंबर अखेरीस २१ सदस्य पहिल्या पर्यायाकडे गेले होते आणि केंद्राला २० पुरले असते. केंद्रानेही ते टाळलं. कर्ज काढणं हा परिषदेचा विषयच नाही, तो प्रत्येक राज्याचा आणि केंद्राचा आहे, अशी भूमिका घेतली. म्हणजे तूट कशी भरायची ते परिषदेने सांगावं, आणि कर्जावर परिषदेने बोलू नये. दोन्ही वाक्यं एकत्र ठेवली की पेच दिसतो.

तिसरी वाट तंटा सोडवणाऱ्या यंत्रणेची. कलम २७९क(११) प्रमाणे अशी यंत्रणा परिषदेने उभारायची होती. आयझॅक यांनी ती मागितली. ती अस्तित्वातच नव्हती. सर्वोच्च न्यायालयात कलम १३१ खाली केंद्राविरुद्ध दावा ही चौथी. तिची भाषा बरीच झाली, पण निकाल लागेपर्यंत पगाराची तारीख थांबत नाही.

काय घडलं

५ ऑक्टोबरच्या ४२ व्या बैठकीत केंद्राने थोडं नमतं घेतलं. करोना नसता तर महसूल किती वाढला असता, तो अंदाज १० ऐवजी ७ टक्के धरून पहिल्या पर्यायाची रक्कम १.१० लाख कोटी केली, उपकर जून २०२२ च्या पुढे चालू ठेवायचं ठरलं. एकमत झालं नाही. १२ ऑक्टोबरला तीच बैठक पुन्हा भरली, पुन्हा तेच.

दुसऱ्याच दिवशी, १३ ऑक्टोबरला, पहिला पर्याय स्वीकारलेल्या २० राज्यांना अर्ध्या टक्क्याच्या जादा कर्जाची परवानगी जाहीर झाली. एकूण ६८,८२५ कोटी. यादीत महाराष्ट्र होता, वाट्याला १५,३९४ कोटी. आठ राज्यं बाहेर राहिली.

महाराष्ट्र यादीत असणं अनेकांना खटकलं. ऑगस्टच्या शेवटी काँग्रेस अध्यक्षांनी बोलावलेल्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्र होता, लढण्याच्या बाजूने बोलत होता. दीड महिन्यात त्याने केंद्राचा पर्याय घेतला. मला यात कच खाणं दिसत नाही. राज्य जेवढं मोठं तेवढा अर्धा टक्का मोठा, आणि थांबण्याचा रोजचा खर्चही मोठा. केरळ तत्त्वासाठी दोन महिने थांबू शकलं. देशात सर्वाधिक रुग्ण असलेल्या, पालिकांना दरमहा पैसे देणं लागणाऱ्या महाराष्ट्राला ते परवडणारं नव्हतं. खटकतं ते वेगळंच. सर्वाधिक जीएसटी गोळा करणारं राज्य हे विरोधी गटाचं सगळ्यात वजनदार नाणं होतं, आणि ते चालवून बदल्यात काही वेगळं मागितल्याचं दिसत नाही.

कारण दोनच दिवसांत, १५ ऑक्टोबरला, केंद्राने भूमिका बदलली. १.१० लाख कोटींचं कर्ज केंद्र स्वतः काढणार आणि त्याच अटींवर राज्यांना देणार. आठवडाभर आधी हे शक्य नाही असं सांगितलं जात होतं. केंद्राच्या वित्तीय तुटीवर परिणाम होणार नाही, रक्कम राज्यांच्या भांडवली जमेत दिसेल, हेही त्याच पत्रकात होतं. काढणारा केंद्र, वहीत नाव राज्याचं, फेडणारा उपकर भरणारा ग्राहक. मधला तोडगा म्हणून तो हुशारीचा होता.

२३ ऑक्टोबरला ५.१९ टक्के व्याजाने ६ हजार कोटींचा पहिला हप्ता १६ राज्यं आणि दोन केंद्रशासित प्रदेशांना गेला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. बाहेरची राज्यं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकेक करून आत आली. केरळ आणि पश्चिम बंगाल नोव्हेंबरच्या शेवटी, झारखंड सगळ्यात शेवटी, ५ डिसेंबरला.

परिणाम

मार्च २०२१ पर्यंत १.१० लाख कोटी पूर्ण वाटले गेले. महाराष्ट्राला सुमारे १२ हजार कोटी मिळाले. पुढच्या वर्षी याच पद्धतीने आणखी १.५९ लाख कोटी दिले, या वेळी फारशी खळखळ न होता. २०२० चा तोडगा आता रूढ झाला होता.

मे २०२१ च्या बैठकीनंतर एक वेगळीच ठिणगी पडली. तमिळनाडूच्या नव्या अर्थमंत्र्यांनी विचारलं, मोठ्या आणि छोट्या राज्याला एकच मत कसं? गोव्याचे मंत्री माविन गुदिन्हो यांनी छोट्या राज्यांच्या वतीने त्याला कडक उत्तर दिलं. वाद वैयक्तिक पातळीवर गेला आणि विरून गेला, पण प्रश्न खरा आहे. परिषदेत महाराष्ट्र आणि गोवा समान आहेत, आणि राज्यांमधली ही फूट केंद्राला आयती मिळते.

१९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स प्रकरणात सांगितलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, त्यांचं वजन समजावण्यापुरतं. बऱ्याच जणांना वाटलं राज्यांचे हात मोकळे झाले. व्यवहारात कोणतंही राज्य एकट्याने वेगळा दर लावायला गेलं नाही. परतावा, ई-वे बिल, संगणकप्रणाली सगळं एकत्र गुंफलेलं असताना ते जमणारही नाही.

या प्रकरणातली सर्वांत बोलकी तारीख मात्र ३१ मे २०२२. त्या दिवशी केंद्राने राज्यांची तोवरची सगळी भरपाई, ८६,९१२ कोटी, एका झटक्यात दिली. महाराष्ट्राचा वाटा १४,१४५ कोटी. भरपाई निधीत तेव्हा होते सुमारे २५ हजार कोटी. बाकीचे केंद्राने स्वतःच्या तिजोरीतून घातले, पुढे उपकरातून वळते करून घेण्याच्या बोलीवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये जून २०२२ चे उरलेले १६,९८२ कोटीही तसेच दिले. संचित निधीतून देण्याचं बंधन केंद्रावर नव्हतं, पण देता येत होतं. २०२० मध्ये तिजोरीची अवस्था वेगळी होती हे खरं. तरीही कायद्याची अडचण म्हणून जे मांडलं गेलं त्यातलं बरंचसं इच्छेचं आणि सोयीचं होतं, हे या दोन तारखांनी दाखवलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी २०१७ मध्ये हुकली. इतिवृत्तातलं आश्वासन कायद्यात एका पोटकलमाने आलं असतं तर २०२० चा वाद उभाच राहिला नसता. तेव्हा राज्यं मसुद्यावर बसून १४ टक्क्यांवर घासाघीस करत होती. १४ टक्क्यांची हमी ज्यावर उभी आहे तो उपकर कधी आटेल, असं कोणाला वाटलंच नाही.

दुसरी संधी २०१९ च्या हिवाळ्यात. हप्ते चार-चार महिने लांबत होते, राज्यांचे मंत्री दिल्लीत भेटून आले, आणि तेवढ्यावर समाधान मानलं गेलं. मंदीत तूट कशी भरायची याचा नियम तेव्हा ठरवला असता तर तो शांत डोक्याने ठरला असता.

केंद्राच्या बाजूनेही चूक होती, ती वेळेची. १५ ऑक्टोबरला जे मान्य केलं ते २७ ऑगस्टलाच मांडलं असतं तर सात आठवडे वाचले असते आणि राज्यांच्या मनात अढी बसली नसती. तुटीची जीएसटीमुळे आणि करोनामुळे अशी फाळणी करून हाती काय लागलं? पैशाच्या हिशेबात फारसं काही नाही.

महाराष्ट्राने पर्याय स्वीकारला तो योग्य होता असं मी मानतो, पण स्वीकारताना एक गोष्ट करता आली असती. तंट्याची यंत्रणा उभारण्याची मागणी लेखी नोंदवून, तिच्या अटीवर सही करायची. २० राज्यांच्या गटात शिरताना मोठ्या राज्याला एवढं मागता येतं. मागाहून मागायला गेलं की कोणी ऐकत नाही.

कलम २९३ चा प्रश्नही मोकळाच राहिला. केरळने डिसेंबर २०२३ मध्ये कर्जमर्यादेवरून कलम १३१ खाली दावा लावला, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २९३ चा अर्थ लावण्याचं काम पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवलं.

दरम्यान कर्जफेडीसाठी उपकर मार्च २०२६ पर्यंत लांबवला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने दरांची फेररचना केली, बहुतेक वस्तूंवरचा उपकर काढला आणि कर्ज फिटेपर्यंत तो तंबाखू, पानमसाल्यापुरता ठेवला. त्या बैठकीआधी विरोधी पक्षांच्या आठ राज्यांनी दरकपातीने होणाऱ्या नुकसानीपोटी पाच वर्षांची भरपाई मागितली. ती मिळाली नाही. या वेळी पुढे करायला कायद्यातलं कलमही त्यांच्याकडे नव्हतं.